कपात मावणारी कुत्री

गल्लीत तिला सगळे तोफ म्हणत, आणि तिला ते आवडे. पुढच्या खोलीत ती कपडे शिवायची. मागच्या खोलीत तिचा धाकटा दीर पिंजऱ्यांतून चिमुकली कुत्री वाढवायचा. पिल्लाला चहाच्या कपात बसवून फोटो काढला की गिऱ्हाईक दारात हजर. जितकं लहान तितका भाव जास्त, म्हणून तो नेहमी सगळ्यांत किरकोळ नर-मादीची जोडी लावायचा. धंदा त्याचा, पण पिल्लांना ड्रॉपरनं दूध पाजणं, ऊब देणं, मेलेली उचलणं वहिनीच्या गळ्यात.

चिमणी नावाची मादी तर ओंजळीत मावायची. दोन्ही वेळा पोट फाडूनच तिची पिल्लं काढावी लागली. दुसऱ्या खेपेला एकच जगलं. टाके ओले असतानाच दीर म्हणाला, "पुढच्या वेळी हिला नव्या नराजवळ ठेवू."

"भाऊजी, ठेवून तर बघा."

त्याला वाटलं, बोलून मोकळी झाली.

पिल्लू डोळे उघडून चालायला लागलं तशी एक बाई बघायला आली. बोलायला गोड, बघताक्षणी विरघळली. "पर्समध्ये बसेल हो हे!"

तोफ मशीनवरून उठली. "बसेल. आधी डोक्यावर इथं बोट ठेवा. हळू."

बाईनं बोट ठेवलं आणि झटकन मागं घेतलं. "मऊ लागतंय!"

"कवटी जुळलीच नाहीये. सोफ्यावरून पडलं तरी कारभार आटोपला."

"वहिनी, तुम्ही आत जा," दीर दातओठ खात म्हणाला.

"आत काय आहे तेच दाखवतेय." तिनं चिमणीला आणून पोटावरचे व्रण दाखवले. "ही याची आई."

बाईचे डोळे भरले. "मग तर मी नेतेच याला. निदान माझ्याकडे सुखात राहील."

"राहील की. आणि तुमच्या पैशांवर भाऊजी हिला पुन्हा टेबलावर चढवतील. तुम्ही हौसेनं घ्या नाहीतर दयेनं, हिचं पोट फाटायचं ते फाटणारच."

बाईनं पिल्लू परत दिलं आणि मान खाली घालून निघून गेली.

"दादा, वहिनीला आवर!" दीर ओरडला.

तोफेचा नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "जमलं असतं तर लग्नाच्या वर्षीच आवरलं असतं."

दुसऱ्याच दिवशी ती चिमणीला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेली. "हिची पिशवी काढून टाका."

दीर मागोमाग धावत आला. "कुत्री माझी आहे!"

"असू दे. जीव तिचा आहे."

डॉक्टर दिराकडे वळले. "पुन्हा गाभण राहिली तर वाचायची नाही. काय करू, सांगा."

बाकावरची सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. त्यानं कशीबशी मान हलवली.

त्यानं पिंजरे मित्राच्या गाळ्यात हलवले. चिमणी घरीच राहिली, पिल्लूही. पिल्लाला मधूनच झटके येतात. तेव्हा शिवण बाजूला टाकून तोफ त्याला मांडीवर घेऊन बसते. जुन्या पत्त्यावर अजून गिऱ्हाइकं येतात. ती त्यांना बसवते, पाणी देते आणि सगळं सांगते. काही फणकारून गाळ्यावर जातात, काही परत फिरतात.

परवा जेवताना दिरानं विचारलं, "झालं का समाधान, वहिनी?"

"कुठलं? तुमचं दुकान चालूच आहे अजून," ती म्हणाली. "भाजी वाढू?"