जायफळाचे दोन वेढे

विमानात बसायचं ठरलं तेव्हा आमच्या जानेफळच्या घरात माझ्या लग्नाहून जास्त धांदल उडाली. नवरा वर्षभरापूर्वी विलायतेला एका कारखान्यात लागला होता आणि आता माझं नि आठ महिन्यांच्या पोरीचं तिकीट आलं होतं. पोरीचं तोंड त्यानं अजून पाहिलं नव्हतं. ती त्याच्या हातात धडधाकट द्यायची, एवढं एकच काम माझ्यावर होतं आणि त्या कामानं माझी झोप उडाली होती.

आईला विमानातलं काय कळणार? तिचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे देऊळगाव राजा. पण मेहकरच्या मोटारीत बायांची पोटं कशी ढवळतात, ते तिनं पाहिलेलं होतं. "जमिनीवरच्या मोटारीत असं होते, तं वर आभाळात काय होईन वो माय?" असं म्हणून ती कामाला लागली. माझ्यासाठी आलेपाक थापला. ओवा भाजून त्यात सैंधव घातलं. लवंगा, आवळ्याची सुपारी, कानात घालायला लसणाच्या तेलात भिजवलेला कापूस, सगळ्याच्या वेगवेगळ्या पुरचुंड्या बांधल्या. आणि पोरीसाठी जायफळ, वेखंड, हळकुंड आणि एक नवीकोरी सहाण. देऊळगाव राजाच्या बालाजीच्या जत्रेतून खास आणलेली.

मी वैतागले. मी आधीच डोक्यानं गरम. "दगड घेऊन आभाळात जाऊ काय वो आई? लोक हसतीन."

"हसू दे," ती म्हणाली. "तिथं तुले सहाण कोण देईन?"

आईच्या हाताची घुटी आमच्या गावात नावाजलेली. आमचा मळा भाजीपाल्याचा, वांगी-मिरचीचा. पण मळ्यात जायच्या आधी सकाळी आई ओट्यावर बसायची आणि चार-पाच बाया तान्ही लेकरं घेऊन यायच्या. दुधाचे दोन थेंब सहाणेवर टाकून आई एकेक औषध उगाळायची आणि मोठ्यानं मोजायची. हळकुंडाचा एक वेढा, वेखंडाचा एक, जायफळाचे दोन. सहाणेवर एकदा गोल फिरवलं की एक वेढा, हेच आमचं माप. चिमूट नाही, चमचा नाही. तिची सहाण तिच्या सासूची होती, मध्ये खळगा पडलेली, गुळगुळीत.

निघायच्या दिवशी आईनं मला समोर बसवून बजावलं, "विमानात बसाच्या आधी जायफळाचे दोन वेढे देजो. पोट्टी सुखानं झोपीन, कान दुखनार नाही, वकनार नाही. दोनच देजो, बरं."

"हाव," मी म्हटलं. "शंभर वेळा सांगून राह्यली."

थोरला भाऊ मुंबईपर्यंत सोडायला आला. मोटारीनं नांदुरा, तिथून रेल्वे. गाडीत पोरगी अशी रडली की डब्यातल्या माणसांनी माझ्याकडे डोळे वटारले. एक कोटवाली बाई तर म्हणाली, "मूल सांभाळता येत नाही तर प्रवास कशाला करता?" मला असा संताप आला! पण बोलणार काय? मी नऊवारीतली खेड्यातली बाई, तोंड उघडलं की भाषेवरून हसतील अशी भीती. विमानात तर सगळे साहेबलोक असणार. तिथं पोरगी अशी रडली तर?

विमानतळावर जायच्या आधी लॉजच्या खोलीत मी नवी सहाण काढली. दुधात जायफळाचे दोन वेढे दिले. थांबले. ती कोटवाली बाई डोळ्यांसमोर आली. मग आणखी दोन दिले. एकूण चार. उगाळलेलं जरा दाट दिसलं, पण मला वाटलं, असेल दूध कमी. बोटानं पोरीच्या जिभेवर लावलं. तिनं तोंड वाकडं केलं आणि मग माझं बोट चोखत राहिली.

विमान उडालं तेव्हा ती गाढ झोपलेली. आलेपाकाची वडी तोंडात धरून मी डोळे मिटून बसले. हवाई सुंदरी येऊन पोरीकडे बघून कौतुकानं हसली. शेजारचे म्हातारे पंजाबी गृहस्थ म्हणाले, "बड़ी शांत बच्ची है." मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! आईचं औषध आहे म्हटलं, आमच्या आईचं. कितीतरी तास मी अशी ऐटीत बसून होते. दुधाची वेळ टळली तरी म्हटलं, झोपू दे.

मग विमान मधल्या एका विमानतळावर उतरायला लागलं. कानांत दडे बसले. विमानातली सगळी लेकरं एकदम किंचाळायला लागली, पुढचं एक, मागची दोन. माझी गप्प.

मी तिला हलवलं. मान एका बाजूला पडली. गालावर थापट्या मारल्या, तळपायाला चिमटा घेतला. पदराखाली घेतलं, तर ओठ हलेनात. मी ओरडले, मराठीत ओरडले की कशात, आठवत नाही. ते पंजाबी गृहस्थ डॉक्टर निघाले. देवच पावला म्हणायचा. त्यांनी पापण्या उघडून पाहिल्या, छातीला कान लावला.

"क्या दिया है इसको?"

"जायफल."

"कितना?"

"चार," मी म्हटलं. आणि मग तळहातावर बोट गोल फिरवून दाखवलं. एक, दोन, तीन, चार. वेढा त्यांना काय कळणार? पण मी खोटं बोलले नाही, एवढं मात्र खरं. चार हा आकडा माझ्या तोंडून ऐकणारा तो एकच माणूस.

उतरल्याबरोबर विमानतळावरच्या दवाखान्यात नेलं. ते म्हातारे डॉक्टर स्वतःचं विमान सोडून माझ्याबरोबर थांबले. नर्सा तिला ओल्या फडक्यानं पुसत होत्या, उचलत होत्या, तळवे चोळत होत्या. मी भिंतीशी बसून बालाजीला काय काय कबूल केलं ते आता सांगायलाही लाज वाटते. दुपार उलटली. आणि मग ती रडली. आधी मांजरासारखी, मग जोरात, डब्यातल्यापेक्षा जोरात. मी त्या नर्सांच्या पायाच पडले. पुरचुंड्या, सहाण, आलेपाक, सगळं तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकून दिलं.

दुसऱ्या विमानानं पोचले तर नवरा विमानतळावर वेड्यासारखा फेऱ्या मारत होता. आमचं आधीचं विमान का चुकलं ते त्याला कळलंच होतं. पोरीला छातीशी धरून त्यानं पहिला प्रश्न मला विचारला, "काय दिलंस तिला?"

"आईनं सांगितलं तेवढंच," मी म्हटलं.

बस. एवढं एक वाक्य. मी घाबरले होते हो. वर्षभरानं भेटलेला नवरा, त्याच्या डोळ्यांत पाणी, आणि मी म्हणू की मी लोकांच्या लाजेखातर पोरीला दुप्पट दिलं? तो संतापला. म्हणाला, "आजच्या आज लिही तुझ्या आईला. उद्या दुसऱ्याचं लेकरू मारेल ती." मी लिहायला बसले आणि लिहिता लिहिता मला स्वतःचंच खरं वाटायला लागलं. 'तुझ्या औषधानं माझी पोर मेली असती. यापुढे कोणाच्या लेकराला हात लावू नकोस.' असं लिहिलं मी. माझ्या हातानं.

आईला वाचता येत नव्हतं. पत्र आलं की भाऊ ते ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचा, शेजारपाजारच्या बाया कामं टाकून ऐकायला यायच्या, कारण विलायतेचं पत्र म्हणजे साऱ्या आळीचं पत्र. हे मला माहीत नव्हतं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

महिन्याभरानं भावाचं उत्तर आलं. आई विचारते, पोरगी आता बरी आहे ना. बाकी मळ्याचं, पाण्याचं. त्यात मला दोष दिलेला एक शब्द नव्हता.

पाच वर्षांनी मी परत गावी गेले तेव्हा पोरगी साडेपाच वर्षांची होती आणि कडेवर सहा महिन्यांचा मुलगा होता. सकाळी जाग आली तर ओटा रिकामा. मी वहिनीला विचारलं, "बाया येत नाहीत काय आता?"

वहिनीनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी खाली बघितलं. "तुमचं पत्र वाचलं तेव्हा सात बाया बसून होत्या," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी एक नाही आली. आता मेहकरच्या डॉक्टरकडं नेतात. काही तं वाटेत भेटल्या तरी लेकराले पदराखाली झाकतात."

महिनाभर राहिले. आई मुलाला खेळवायची, न्हाऊ घालायची, पण औषधाचं नाव काढायची नाही. मुलाचं पोट दुखलं त्या दिवशी सुद्धा ती आत जाऊन बसली. मला रोज वाटायचं, आज सांगते. रोज संध्याकाळ व्हायची.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. आईनं फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्यासमोर ठेवलं. सहाण. तसलीच, बालाजीच्या जत्रेतली.

"तुहं पत्र आलं ना," ती म्हणाली, "मले अन्न गोड लागे ना. दोन वेढ्यानं असं काऊन व्हावं? पुढच्या जत्रेत तसलीच सहाण आणली अन् उगाळून पाह्यलं. माय वो! नवा दगड खरबरीत. माह्या सहाणेवर दोन वेढ्याले येते त्याच्या दुप्पट येते त्याच्यावर. मी पाह्यलंच नोतं पोरी. न पाहता तुह्या हातात देल्ली. चूक माहीच होती."

"मग तू कळवलं काऊन नाही?"

"लिहिनार कोण? भाऊच ना. पुन्हा ओट्यावर बसून वाचाले लावू?" ती जरा हसली. मग माझा हात धरून सहाणेवरून फिरवला. मध्ये किंचित खळगा पडला होता. गुळगुळीत. "रोज मळ्यातून आली की बसतो घासत. पाच वर्सं घासून राह्यली. आता माह्या सहाणेसारखीच झाली, मी मोजून पाह्यलं. ह्या लेकराले विमानात देशीन तं भेव नाही. घेऊन जाय."

आता सांगायचं, आत्ताच, मी मनाशी म्हटलं. तोंड उघडलंही. बाहेर मुलगी अंगणात एकटीच उड्या मारत होती, तिचा आवाज येत होता.

"दोनच वेढे देजो, बरं," आई म्हणाली.

"हाव," मी म्हटलं.