मामांचा हँडब्रेक

"होणार नाही" हे दोन शब्द उच्चारून नंदुरबार जिल्ह्यात एखादा माणूस सुखाने घरी जेवायला गेला असेल, तर त्याची माझ्या मामेसासऱ्यांशी गाठ पडलेली नव्हती, एवढं मी छातीठोकपणे सांगतो. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. म्हसावदला राहतात. उभी हयात साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून काढली. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांना शाल-श्रीफळ देतात तसं त्यांनाही दिलं. ते त्यांनी स्टेजवरच शेजारच्याच्या हातात ठेवलं आणि घरघरणाऱ्या पंख्याखाली खुर्ची घेऊन त्याचं बेअरिंग बघायला चढले. अध्यक्षांचं भाषण मामांच्या पायांकडे बघत पार पडलं. कुठल्याही समारंभात त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक दहा-बाराचा पाना असतोच. माझ्या लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी माइक बंद पडला, तेव्हा हे गृहस्थ भटजींच्या हातून तो काढून घेऊन बोहल्यावरच मांडी घालून बसले. भटजी काकुळतीला येऊन म्हणाले, "अहो, मुहूर्त टळतोय." मामांनी मान वर न करता सांगितलं, "मुहूर्त दुसरा सापडी. हाऊ माइक आतेच व्हई." आमचं लग्न चार मिनिटं उशिरा लागलं. पण "शुभमंगल सावधान" मात्र पार बस स्टँडपर्यंत ऐकू गेलं.

मी नाशिककडचा, शहाद्याच्या कॉलेजात मराठी शिकवणारा. मला स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की घट्ट होतो हे आजही एकदा उलटं फिरवून बघावं लागतं. तरी मामांनी मला पहिल्या दिवाळसणापासून आपला मदतनीस मानलं. त्यांच्या हाताखालचं काम म्हणजे बॅटरी धरणं आणि "हो" म्हणणं. दोन्हींत मी हळूहळू बरी प्रगती केली.

मामांची गाडी सारंगखेड्याजवळच्या एका शेतात, चाऱ्याच्या शेडखाली सापडली. कुण्या डॉक्टरांनी फार पूर्वी हौसेने आणलेली विलायती स्पोर्ट्स कार. दोन सीटांची, बिनटपाची, एके काळी लाल असावी अशी. त्या वेळी तिच्यात सात कोंबड्या राहत होत्या, आणि त्यातली एक अंड्यावर बसलेली असल्यामुळे मामांना गाडी हलवायला तीन आठवडे थांबावं लागलं. तिचं इंजिन पार गंजून गेलं होतं. "ही काही चालणार नाही," असं शेतमालक सहज बोलून गेला आणि तिथेच सगळं ठरलं. मामांनी तिच्यात जुन्या जीपचं इंजिन बसवलं, त्याची कागदोपत्री रीतसर नोंद करून घेतली, मागचा अ‍ॅक्सल दुसऱ्याच गाडीचा आणला. मूळचे ड्रम ब्रेक असे होते की म्हसावदला पाय दाबला तर गाडी पुढच्या गावाच्या वेशीत थांबायची. म्हणून मामांनी मागच्या चाकांना डिस्क ब्रेक लावले. आता गाडी जागच्या जागी उभी राहू लागली. फक्त एक झालं. हँडब्रेकची तार ज्या ड्रमला जोडलेली असायची तो ड्रमच गेला, त्यामुळे हँडब्रेकही गेला. जीपचं इंजिनही असं थकलेलं की गिअरमध्ये ठेवलं तरी गाडी उतारावर हळूहळू निघून जायची.

हँडब्रेकचं काम मग मामी करू लागल्या. मामी म्हणजे बुटक्या, गोऱ्या, कमी बोलणाऱ्या. गाडी थांबली की पायाशी ठेवलेला दगड उचलायचा, त्या खालच्या सीटवरून लुगडं सावरत बाहेर यायचं आणि दगड मागच्या चाकाला लावायचा. निघताना तोच दगड काढून पळत येऊन बसायचं. सहा वर्षं त्यांनी हे केलं. लग्नाला निघालेल्या, गळ्यात ठुशी, अंगावर शालू, आणि मांडीवर दगड, अशा मामी मी पाहिल्या आहेत. कुणी काही म्हटलं तर मामा म्हणायचे, "दगडले काय व्हयनं? दगड कधी फेल जास का?"

मग एकदा प्रकाशा गावात, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, मामींनी दगड लावला आणि हात काढायच्या आत चाक त्यावर चढलं. दोन बोटं चेंगरली. मामी ओरडल्या नाहीत. त्यांनी नळाखाली हात धरला, पदराचा काठ गुंडाळला आणि तिथून थेट एसटी पकडून घरी गेल्या. मामा रिकाम्या सीटसकट मागोमाग आले. घरी आल्यावर मामींनी फक्त एक वाक्य सांगितलं. "आते मी त्या गाडीमा बठणार नही." आणि चुलीकडे वळल्या. माझ्या माहितीप्रमाणे मामांना "नाही" म्हणून ते तसंच टिकवणारी ही पहिली व्यक्ती.

त्याच महिन्यात गाडीचं रजिस्ट्रेशन नव्याने करून घ्यायचं होतं. आरटीओतून तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, कौतुकाने बॉनेटवरून हात फिरवला आणि विचारलं, "काका, हँडब्रेक?" मामांनी दगड दाखवला. बाई हसल्या, पण कागदावर सही केली नाही. "हँडब्रेक लावून या. तोवर पास करता येणार नाही."

शहाद्याच्या ओळखीच्या मेकॅनिकने तर गाडीखाली डोकावूनच हात झटकले. "मामा, डिस्क लावून बसलात. आता हिला हँडब्रेक बसणार नाही. शोभेला ठेवा दारात, नाहीतर कुणाला तरी देऊन टाका."

"गाडी मन्ही शे," मामा म्हणाले, "ब्रेक बी मन्हाच व्हई."

पुढचे तीन महिने म्हसावदच्या त्या अंगणात जे चाललं त्याला मी युद्धच म्हणेन. पहिल्यांदा मामांनी ब्रेकच्या तेलाच्या नळीत एक तोटी बसवली. पायाने ब्रेक दाबायचा, तोटी फिरवायची, की तेलाचा दाब आत कोंडून राहतो आणि चाकं जखडून बसतात. अंगणाच्या उतारावर गाडी उभी केली, तोटी फिरवली. गाडी पर्वतासारखी उभी! आम्ही विजयाने आत जेवायला गेलो. मामींनी शेवेची भाजी वाढली, त्यांच्या बोटांवर अजून पट्टी होती. दुसरी भाकरी मोडतोय तोच बाहेर म्हैस ओरडली. जाऊन पाहतो तर गाडी शेजाऱ्यांच्या पाण्याच्या हौदाला टेकलेली, आणि म्हैस तिच्या स्टिअरिंगचा वास घेतेय. दाब थेंबाथेंबाने उतरला होता. शेजारी हात जोडून म्हणाले, "मामा, राहू द्या आता." मामा म्हशीला म्हणाले, "तू सरक."

तरी हट्टाने त्यांनी ती तोटी इन्स्पेक्टरबाईंना नेऊन दाखवली. बाईंनी शांतपणे समजावलं की तेलाच्या दाबावर भागणार नाही. तार किंवा दांडा ओढून चाक नुसत्या यंत्राने धरलं गेलं पाहिजे, म्हणजे तेल गळालं तरी गाडी जागेवर राहील. मी मामांच्या तोंडाकडे पाहत होतो. आता स्फोट होणार! पण परतताना मामा म्हणाले, "पोर बरोबर बोलनी." मी इतका दचकलो की त्या बिनदाराच्या बाजूने बाहेर पडायचा राहिलो. दार त्या दिवशी तेल घालायला काढलेलं होतं.

मग मामांनी खरं काम हातात घेतलं. प्रत्येक मागच्या डिस्कला, पायाच्या ब्रेकपासून वेगळा, एक लोखंडी चिमटा. चिमट्याला दांडी, दांडीला तार, आणि दोन्ही तारा येऊन एका मुठीला जोडलेल्या. मूठ ओढली की दोन्ही चिमटे डिस्कला आवळून धरणार. कागदावर हे एवढंच. पण कारखान्यातल्या जुन्या सोबत्याच्या लेथवर मामांनी ते चिमटे पाच वेळा बनवले. पहिले जाड झाले, दुसरे चाकाला घासले, तिसरे दिसायला इतके सुंदर झाले की मामांनी ते कपाटात ठेवले, चौथ्यांबद्दल बोलायला ते आजही तयार नाहीत. पाचवे बसले.

आता मूठ कुठे लावायची? दोन सीटांच्या मधोमध लावली तर दुसरा गिअर पडेना. उजवीकडे दाराजवळ लावली तर मामांच्या पायजम्याची नाडी तिच्यात अडकली आणि म्हसावदच्या बाजारपेठेत त्यांना दहा मिनिटं गाडीतून उतरता आलं नाही. चारही बाजूंनी लोक जमले. कुणीतरी म्हणालं, "मामा, नाडी सोडा." मामा गरजले, "नाडी बी सोडणार नही अन् ब्रेक बी!" शेवटी ती मूठ डाव्या सीटच्या अंगाला, जरा तिरकी, लावावी लागली. म्हणजे चालवणाऱ्याच्या हाताला ती येत होती, पण वाकून. शेजारी बसणाऱ्याच्या मात्र अगदी सहज हाताशी.

मामांनी मामींना बोलावलं. त्या पदराला हात पुसत आल्या, मुठीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "अंगणमा उभी ऱ्हायनी म्हणून काय व्हयनं? तोरणमाळना घाटमा उभी करी दखाडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पुढे गाडीत मामा-मामी, मागे मोटरसायकलवर मी, आणि माझ्या पिशवीत पाने, पक्कड, तार. ब्रेकची परीक्षा बघायची म्हणून मामी तेवढ्यापुरत्या गाडीत बसल्या होत्या; ब्रेक लावायच्या आधी त्यांनी उतरायचं, असं मामांनी ठरवलं होतं. घाटातली एक खडी चढण त्यांनी निवडली. डावीकडे डोंगराची भिंत, उजवीकडे खूप खाली सागाचे शेंडे. मामांनी पायाने ब्रेक दाबून गाडी थांबवली आणि म्हणाले, "उतर आते."

मामी उतरल्या नाहीत.

"उतर ना वं," मामा म्हणाले. आवाज जरा वेगळा होता. "मी एकला दखस पहिले."

"सहा वरीस मी उतरनू," मामी म्हणाल्या. "आज मी अठेच बठसू. लागना ते लागना. नही लागना ते दोन्ही संगे जासूत."

सबंध तालुक्याला न जुमानणारा माणूस मी त्या दिवशी घाबरलेला पाहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नेहमीप्रमाणे "हो" म्हणणार होतो, पण कशाला "हो" म्हणायचं ते कळेना. मग मीच मोटरसायकल बाजूला लावली आणि एक मोठा धोंडा उचलून गाडीमागे नेऊ लागलो. मामींनी आरशात बघून नुसता हात वर केला. त्या हाताची दोन नखं अजून काळीच होती. मी धोंडा खाली ठेवला.

मामींनी मूठ धरली आणि दोन्ही हातांनी ओढली. कट्, कट्, कट्, कट्. मामांनी पाय उचलला. गाडी वीतभर मागे सरकली. माझ्या तोंडून काय निघालं ते लिहिण्यासारखं नाही. मामींनी दात ओठांवर रोवून आणखी एकदा ओढलं. कट्. आणि गाडी थांबली. नुसती थांबली.

मामा खाली उतरले, गाडीमागे जाऊन उभे राहिले, उताराकडे पाठ करून. नवी तार ताणून सैल पडली होती; गाडीला तो धोंडा लावून त्यांनी ती मग आवळली. पुन्हा ओढून पाहिली. या वेळी बोटभरही हलली नाही. अर्धा तास आम्ही तिथे थांबलो. मामींनी डब्यातली कळण्याची भाकरी आणि ठेचा गाडीत बसूनच खाल्ला. वर चढणाऱ्या एका जीपवाल्याने विचारलं, "बंद पडली का?" मामा ओरडले, "बंद नही! उभी शे!" आणि मग रस्त्याच्या कडेला बसून त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं, ते बराच वेळ पुसत राहिले.

इन्स्पेक्टरबाईंनी स्वतः मूठ ओढून पाहिली, गाडीला मागून धक्का दिला आणि सही केली.

याला काही वर्षं झाली. मागच्या वर्षी मामांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. आता गाडी चालवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि मामा वाद न घालता "बरं" म्हणाले. मला त्या "बरं"ची फार भीती वाटली. मामींना बहुधा माझ्याआधीच वाटली असावी. आठच दिवसांनी त्या शहाद्याच्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात उभ्या होत्या, वय वर्षं साठ. लायसन्स निघालं.

परवा कॉलेज सुटल्यावर मी म्हसावदच्या रस्त्याला लागलो, तर पुढे ती लाल गाडी. मामी चालवत होत्या, ताशी वीसच्या वेगाने; मागे उसाचे दोन ट्रॅक्टर मुकाट्याने चाललेले. मी बाजूने मोटरसायकल घेतली, पण दोघांचं लक्ष नव्हतं.

"काय शे आते?" मामा विचारत होते.

"पपई," मामी म्हणाल्या. "डावीकडे पपई. तोडी ऱ्हायनात."

"अन् डोंगर?"

"शे ना. आज साफ दिसस."

मामांनी मान वळवली आणि बघत राहिले. पण ते पाहत होते तिकडे नुसतं आभाळ होतं. सातपुडा दुसऱ्या अंगाला होता. मामींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. पुढच्या वळणावर त्यांनी गाडी फार हळू, फार सांभाळून वळवली, आणि सगळा डोंगर मामांच्या समोर आला.