वळून बघणारी बाई

लग्न होऊन मी नगरला आले तेव्हा लढाई चालू होती आणि बाजारात रंग मिळत नव्हते. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. पांढऱ्या कपड्यांना द्यायची नीळ कोनाड्यात सापडेना, म्हणून मी घर पालथं घातलं, तेव्हा सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "शोधू नकोस. त्याने नेली. कुठल्या तरी नटीच्या पातळाला लागली असेल."

हे हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होते. शाळा सुटली की तंबूतल्या सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. तो तंबू जिल्हाभर फिरे. कधी जामखेडला, कधी पाथर्डीला, कधी सोनईला. मुंबईहून छापील पोस्टरं येत, पण कागदाच्या टंचाईत ती फारच थोडी. म्हणून लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणायचा, त्याला सरस आणि खडूचा हात द्यायचा आणि वर चित्र काढायचं. सिनेमा बदलला की कापड धुऊन पुन्हा तेच. लाल रंग नसला तर गेरू, काळा नसला तर काजळी, आणि निळ्याला आमची नीळ.

मामंजी माझ्या लग्नाआधीच गेले होते. घरात आम्ही तिघंच, भाड्याच्या दोन खोल्या आणि मागे फरसबंद अंगण. तरी दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलायची पद्धत नव्हती. हे समोरून आले की मी पदर सावरून बाजूला व्हायची, आणि यांना पाणी हवं असलं तरी हे सासूबाईंकडे मागायचे. लग्नाला चार-सहा महिने झाले तरी यांच्या उजव्या भुवईत एक पांढरा केस आहे, हे मला धड माहीत नव्हतं.

बोर्ड मात्र मी रोज बघत होते. काही दिवसांनी माझ्या ध्यानात आलं की सिनेमा बदलला तरी माणसं बदलत नाहीत. एक पाय खडकावर ठेवून तलवार उगारलेला वीर. आभाळाकडे पदर पसरून बसलेली आई. डोळे बारीक करून मिशीला पीळ देणारा दुष्ट. आणि निघून जाता जाता मान वळवून मागे बघणारी बाई. तिचा एक हात मागे राहिलेला, कुणीतरी आत्ताच सोडल्यासारखा. देवाचा सिनेमा असो, डाकूंचा असो, ही चौघं असायचीच. चेहरे तेवढे नटनट्यांचे.

एकदा सासूबाई देवळात गेल्या होत्या तेव्हा मी धीर करून विचारलं, "दर वेळी तेच तेच का काढता?"

हे दचकलेच. मग म्हणाले, "बाजाराला आलेला माणूस वाचत थांबत नाही गं. गाडीतून जाता जाता त्याला कळलं पाहिजे, आत लढाई आहे की रडणं. पाय खडकावर दिसला की त्याला कळतं."

"आणि ही बाई?"

"ती दिसली की बायका तंबूत येतात."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी यांनी सासूबाईंना हाक मारली. "आई, हिला जरा अंगणात उभी राहायला सांग. हात जमत नाहीये. खांद्यातून निखळल्यासारखा दिसतोय."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं. "स्वयंपाकाची वेळ व्हायच्या आत उरका," म्हणाल्या, आणि स्वतः तांदळाचं ताट घेऊन उंबऱ्यात बसल्या.

मी यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. मान वळवली, डावा हात मागे सोडला. "माझ्याकडे बघू नकोस," हे म्हणाले. "त्या पलीकडच्या कौलांकडे बघ." मी कौलांकडे बघत राहिले. मागून कोळशाची करकर ऐकू येई, मध्येच थांबे, तेव्हा मला कळे की आता हे बघताहेत. माहेरी आम्ही पुष्कळ बहिणी. एवढा वेळ कुणाची नजर माझ्यावर कधी थांबलीच नव्हती. मान अवघडली, खांदा दुखायला लागला, पण "झालं" असं यांनी म्हणू नये असंच वाटत राहिलं.

मग ते नेहमीचंच झालं. नवा सिनेमा आला की सासूबाई आपणहून ताट घेऊन उंबऱ्यात बसायच्या. मी नऊवारीत उभी राहायची आणि बोर्डावर गोल पातळ उमटायचं. चेहरा नटीचा. पण माझी डाव्या हाताची करंगळी लहानपणी झोपाळ्यावरून पडून वाकडी बसलेली होती, ती मात्र जशीच्या तशी येई. "सरळ करा ना ती," मी एकदा म्हटलं. "दिसतं ते काढतो," एवढंच हे बोलले.

माझी नणंद सोनईला दिली होती. तिच्या बाळाच्या बारशाला सासूबाई आणि मी गेलो, तो नेमका बाजाराचा दिवस होता. हलगी वाजवत एक बैलगाडी आली आणि गाडीवर आमच्या अंगणातला बोर्ड! मी पदर तोंडाशी धरून थांबले. भाजीपाल्याच्या पाट्या पुढे मांडून दोघी बायका बसल्या होत्या. एक म्हणाली, "ह्या बाईला काय झालं गं? सारखी मागंच बघती."

"न्हवरा सोडून चाललाय वाटतं."

"आगं, ती सोडून चाललीय. त्यो न्हाई."

"मंग बघती कशाला?"

"जावंसं वाटत न्हाई म्हनून. लई जीव हाय तिचा."

सासूबाईंनी माझा डावा हात हळूच आपल्या पदराखाली ओढून घेतला. गाडी वळेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. घरी पोचल्यावर नणंदेला त्यांनी एक अक्षर सांगितलं नाही, पण बारशाच्या जेवणात माझ्या पानात दुसरी पुरणपोळी वाढताना त्या गालातल्या गालात हसत होत्या.

एक दिवस तंबूच्या मालकाने जुन्या पोस्टरांचं बंडल घरी पाठवलं. कागदाच्या पाठीमागे यांना कच्ची चित्रं काढता यावीत म्हणून. मी ते उलगडत होते. त्यात माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीचं एक मुंबईचं पोस्टर निघालं, आणि त्यावर तीच बाई. तशीच मान, तसाच मागे राहिलेला हात, बोटं तेवढी सरळ. दुसरं काढलं, त्यातही तीच. मला फार वाईट वाटलं. ती उभी राहण्याची ढब माझी आहे, असं मी मनाशी धरून बसले होते.

हे शाळेतून आले तेव्हा कागद पुढे केले. "हे सगळं तंबूत आयतं होतं. मग मला का उभी करत होता?"

यांनी कागद पाहिले, घडी घातली. सासूबाई विहिरीवर होत्या. तरी आवाज खाली आणून म्हणाले, "नाहीतर तुझ्याकडे बघायचं केव्हा?"

मी आत निघून गेले. चुलीपुढे बसून राहिले. भाजी लागली त्या दिवशी, आणि ती कुणीही नावं न ठेवता खाल्ली.

लढाई संपता संपता यांना मुंबईला बोलावणं आलं. सिनेमाची पोस्टरं छापणारा मोठा कारखाना होता. शाळेत राहून हात वाया जाईल असं यांना वाटत होतं आणि आम्हालाही ते दिसत होतं. जागेचा प्रश्न होता. हे एका ओळखीच्यांच्या पडवीत झोपायचे. "खोली मिळाली की नेतो," म्हणाले. निघताना सासूबाईंच्या पाया पडले, माझ्याकडे नुसतं पाहिलं. स्टेशनवर बायकांनी जायचं नसे. मी दारातून टांगा वळेपर्यंत बघत राहिले.

त्यानंतरचे दिवस मी पोस्टरांवर काढले. गावातल्या थिएटरवर मुंबईची पोस्टरं लागत. देवळात जायची सरळ वाट सोडून मी तिकडून जाऊ लागले. सासूबाई बरोबर असत. पहिल्यांदा मी चालता चालता डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. दुसऱ्या खेपेला सासूबाईच थांबल्या.

"त्याचं आहे का गं हे?"

"कळत नाही, आई."

"बोटं बघ."

आम्ही दोघी भर रस्त्यात त्या बाईची बोटं बघत उभ्या राहिलो. पुढे दर नव्या सिनेमाला हेच. एकदा पावसाने ओला होऊन कागद सुरकुतला होता आणि करंगळी वाकडी दिसत होती. सासूबाई म्हणाल्या, "हे बघ, हे त्याचंच!" मला ती सुरकुती दिसत होती. मी म्हटलं, "हो आई, त्यांचंच." तो सिनेमा उतरेपर्यंत आम्ही रोज संध्याकाळी देवळात गेलो. एवढा नेम त्याआधी कधी घडला नव्हता.

यांची पत्रं यायची, खुशालीची. कामाबद्दल त्यात काही नसे. विचारलं तर "चाललं आहे" एवढंच. मधली एक दिवाळी अशीच गेली. पुढच्या दिवाळीला हे आले. वाळलेले, बोटांना शाई, पण तब्येत बरी. फराळाला बसले असताना सासूबाईंनी विषय काढला. "थिएटरवरची सगळी बघतो हो आम्ही. ती बाई छान काढतोस."

यांनी हातातली चकली ताटात ठेवली. "ती मी काढत नाही, आई. माणसं काढणारे तिथे वेगळे आहेत. चेहऱ्याचा एक, कपड्यांचा एक. नव्या माणसाला मागचं देतात. ढग, धूर, डोंगर. मी आभाळ काढतो."

मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. मग सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई! आभाळ तर बघायचंच राहिलं."

आणि त्या हसू लागल्या, मीही हसू लागले, आणि हसता हसता मला रडू आलं. हेही मान खाली घालून बसले. सासूबाई उठल्या, दारामागच्या वहाणा पायात घालत म्हणाल्या, "मी जरा शेजारी फराळाचं देऊन येते," आणि रिकाम्या हातांनीच बाहेर पडल्या.

मी तिथेच बसले होते, यांच्या समोर. भर सकाळ होती. मी यांच्याकडे सरळ पाहिलं. भुवईतला केस आता एकटा नव्हता.

"खोली मिळेल," हे म्हणाले.

"मिळेल," मी म्हटलं. "पण तोवर मी कुणाच्या तरी बोटांकडे बघत राहू का?"

हे माझा हात हातात घेऊन बसून राहिले, एवढंच.

खोली मिळायला आणखी वर्ष गेलं. सासूबाई मुंबईला आल्या नाहीत. त्या सोनईला लेकीकडे राहिल्या. मी मात्र गेले आणि तिथेच संसार झाला. चाळीतली एकच खोली, पण आमची. यांना पुढे माणसं काढायलाही मिळाली, बायकाही. पण तोवर स्टुडिओतून फोटो यायला लागले होते. फोटोवर चौकटी आखायच्या आणि तेवढंच मोठं करायचं, कुणाला उभं करायची गरजच उरली नव्हती. हे सकाळी जात, दिवे लागल्यावर येत, जेवत आणि डोळे मिटून पडत. दिवसभर डोळ्यांनीच काम केलेल्या माणसाला, माझ्याकडे बघा, असं कसं म्हणायचं? मी यांच्या डोळ्यांवर गुलाबपाण्याच्या घड्या ठेवायची. सुखाचा संसार होता, खोटं कशाला बोलू. तरी दुपारी एकटी असताना मला नगरचं ते अंगण आठवे, आणि यांनी तिथून हाक मारून सांगावं, "आई, हिला जरा उभी राहायला सांग," असं इतकं वाटे, की हातातलं काम तसंच राही.