घरचा गेट पास

आमच्या घरातून बाहेर जायचं तर गेट पास लागतो. हसू नका. मी खडोलीच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, एकोणीस वर्षं झाली. तिथे शिफ्ट चालू असताना फाटकाबाहेर पाऊल टाकायचं तर पिवळा कागद भरावा लागतो: नाव, कुठे जाणार, कारण, परत यायची वेळ, खाली साहेबाची सही. कागद माणसासोबत बाहेर जातो आणि परत आलं की वॉचमन तो जमा करून घेतो.

घरात तो आला दोन मुलींमुळे. सख्ख्या बहिणी, थोरली सोळाची, धाकटी तेराची, मूळच्या खानवेलकडच्या. आईबाप गेल्यावर त्या बालगृहात होत्या. मी एकटी, मूळची जळगावची, घरात दोन खोल्या आणि बोलायला फक्त टीव्ही. मी अर्ज केला आणि बाल कल्याण समितीने त्यांना माझ्याकडे सांभाळायला दिलं. सांभाळायला, दत्तक नव्हे. शेजारीण विचारायची, "मग परत द्यायच्या का?" तिला चार शब्द सुनवावेत असं फार वाटायचं, पण उत्तर मलाही ठाऊक नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात धाकटी शाळेतून गायब. मी सहाला कारखान्याच्या बसमधून उतरले तर थोरली दारात, आणि ही बाई मैत्रिणींबरोबर नदीकाठी पाणीपुरी खात बसलेली. घरी आणून मी तिला असं झापलं की भिंतीपलीकडची शेजारीण टीव्हीचा आवाज कमी करून ऐकत बसली. तेव्हा थोरली शांतपणे म्हणाली की काकू, तुम्ही तरी कुठे सांगून जाता? सकाळी डोळे उघडावेत तर तुम्ही नाहीच.

खरं होतं ते. दुसऱ्या दिवशी मी वहीच्या पानांचा एक गठ्ठा करून फ्रिजला लटकवला. तिघींनी पास भरायचा, मुलींच्या पासवर सही माझी, परत आलं की तो भिंतीवरच्या खिळ्याला टोचायचा. मीसुद्धा. माझा कायम एकच: कारण, नोकरी. मुलींच्या कारणांना मात्र धरबंध नव्हता. धाकटीने अर्ध्या मराठीत, अर्ध्या शाळेतल्या गुजरातीत लिहिलेलं एक कारण अजून खिळ्यावर आहे: "काकूंचं डोकं तापलंय म्हणून." मी त्यावरही सही केली होती. सकाळी गॅसवर पोळी, एका हातात डबा, खाली बसचा हॉर्न, अशात वाचतंय कोण?

पास कशाला, असं धाकटीने एकदा विचारलं होतं. मी मोठ्या ऐटीत सांगितलं की जो परत येणार असतो त्यालाच पास लागतो. राजीनामा देऊन जाणाऱ्याला कोण पास देतं?

मग दिवाळीच्या तोंडावर त्यांची आत्या उगवली. इतकी वर्षं होती कुठे, असं विचारायला मी कंबर कसून बसले होते. पण ती बाई खरंच चांगली निघाली, हीच तर पंचाईत. नागलीचे पापड घेऊन आली, धाकटीला जवळ घेऊन रडली, आता मी यांना सांभाळू शकते म्हणाली. समितीच्या बाईंनी ठरवलं की मुलींनी दिवाळीचे दहा दिवस आत्याकडे राहावं, मग कुठे राहायचं ते त्यांनाच विचारू. मी म्हटलं, अगदी योग्य. तोंडाने म्हटलं.

जायच्या दिवशी कारखान्यात सणाचा माल निघायचा होता, सुट्टीचं नावच नव्हतं. थोरलीने माझ्यापुढे चार कागद सरकवले, शाळेचे, समितीचे, कसले कसले. मी उभ्या उभ्या सह्या ठोकल्या. नीट राहा, एवढंच बोलले. परत या म्हणायचं नाही असं मी स्वतःला बजावलं होतं. ज्यांना आपलं माणूस मिळतंय त्यांच्या पायात पाय घालणारी मी कोण?

संध्याकाळी येऊन पाहिलं तर गठ्ठा जागच्या जागी, आणि मला कुणी पास मागितला नव्हता. माझाच नियम माझ्याच डोक्यावर आदळला. मी फ्रिजला टेकून चांगली हुंदके देऊन रडले. पुढच्या नऊ दिवसांत मी लाईनवर इतका माल रिजेक्ट केला की सुपरवायझर माझ्यासमोर यायचं टाळायला लागला.

दहाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत समितीच्या बाईंचा फोन आला. त्या खानवेलला जाऊन आल्या होत्या.

"मी थोरलीला विचारलं, तुला कुठे राहायचंय? तर तिने ओढणीच्या गाठीतून एक कागद काढला. म्हणाली, आत्याकडे दर सुट्टीत येईन, पण आज आम्हाला जावंच लागेल, काकूंची सही झालीय. तुमच्याकडे हे काय चालतं हो?"

मी विचारलं, कागदावर लिहिलंय काय. त्यांनी वाचून दाखवलं. नाव: आम्ही दोघी. कुठे: खानवेल. कारण: आत्या. परत यायची वेळ: दहाव्या दिवशी, दुपारी तीनची बस.

घड्याळात दोन वाजायला आले होते. मी डबा तसाच टाकून पिवळा कागद भरला. एकोणीस वर्षं कारणात "घरगुती काम" लिहीत आले होते. या वेळी लिहिलं, "मुली येताहेत." साहेबाने वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. फाटकावर वॉचमनने कागद उलटसुलट करून पाहिला, कारण परत यायच्या वेळेचा रकाना कोरा होता.

"मॅडम, परत कधी येणार?"

"आज नाही येत. घरी चाललेय."

त्याने पास माझ्या हातात परत दिला. "मग हा कशाला भरलात? हाफ डे लिहा आणि निघा. घरी जायला पास लागत नाही."