झाकलेल्या दोन वाट्या

आमच्या गल्लीच्या टोकाला खव्याची भट्टी आहे. सकाळी कढईत दूध आटू लागलं की तो गोड, जरासा करपट वास माझ्या स्टुडिओच्या पडद्यांत, कपड्यांत, कॅमेऱ्याच्या पिशवीतही शिरतो. भूम गावच्या माणसाला हा वास म्हणजे सण. मला मात्र गेल्या वर्षीपासून तो आला की एका घरचं डोहाळजेवण आठवतं. परवा तर त्या वासातच त्या घरचा फोन आला.

मी घरोघरच्या समारंभांचे फोटो काढते. पण कुणाला उभं करत नाही, हसा म्हणत नाही, घडून गेलेलं पुन्हा घडवायला लावत नाही. हा हट्ट कुठून आला ते मला ठाऊक आहे. आमच्या घरात पाहुण्यांना बसायला जागा नसे, इतके मोर्च्यांच्या पत्रकांचे गठ्ठे असत. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. त्या कागदांतलं प्रत्येक वाक्य ओरडायचं. कॅमेरा गप्प राहून बघतो, आणि त्या बघण्याची माणसांना ओरडण्याहून जास्त भीती वाटते, हे मला गेल्या वर्षी त्या घरच्या अंगणात समजलं.

डोहाळजेवण होतं. शेवंतीनं मढवलेला झोपाळा, हिरव्या साडीतली त्या घरची सून, दंडावर फुलांचे बाजूबंद, हातात पुठ्ठ्याचा धनुष्यबाण. दोन्ही बाजूंना तिच्या दोन मुली, एकाच कापडाच्या फ्रॉकांत. ऊन कललं होतं, बायका गात होत्या, एकमेकींना टाळ्या देत होत्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, या गावाला दुःख कधी शिवलंच नाही. मग दोन झाकलेल्या वाट्या आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. तिनं एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. चुलत सासू म्हणाली, "बघून उघड गं माय! दोन झाल्यात. आता बर्फी निघाली तर झोपाळ्यावरनं उठून थेट माहेरची एसटी!" सगळ्या खदखदून हसल्या. सासू तेवढी हसली नाही. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत होत्या, त्या थांबल्या.

तिनं वाटी उघडली. बर्फी.

त्या क्षणी माझा कॅमेरा बायकांकडं वळलेला होता. कुणाचं हसू अर्ध्यावर थिजलेलं, कुणाचा पदर तोंडाशी गेलेला, सासूची नजर सुनेच्या पोटावर. आणि कडेला मोठ्या मुलीचा बर्फीकडं लांबलेला हात. त्या फोटोत आनंदानं फुललेला चेहरा तिचा एकटीचा.

"गम्मत असती ती," म्हणत सासूनं वाट्या आत नेल्या, पुन्हा झाकून आणल्या. "ए फोटोवाली, मघाचा पुसून टाक. आता काढ."

"मावशी, झालेलं मी पुसत नाही."

"लई शानी हैस."

सुनेनं परत वाटी उघडली. पेढा! टाळ्या पडल्या. तेवढ्यात मोठी मुलगी दुसऱ्या वाटीकडं झेपावली, झाकण उडालं, त्यातही पेढाच. "आज्जे, बर्फी कुठाय?" पोरीनं विचारलं. गाणं लगेच सुरू झालं, आधीपेक्षा मोठ्या आवाजात.

तिसरी मुलगी झाली, हे मला भट्टीवरच कळलं. त्या घरानं सांगून ठेवलेले पेढे कुणी न्यायला आलंच नाही.

परवाचा फोन सासूचा होता. "रविवारी साखरपुडा हाय. घरच्या घरी. ये."

"कुणाचा?"

"पोराचा, माज्या."

"आणि सूनबाई?"

"तू फोटो काढायला येती का पंचायत करायला?"

येते म्हणाले. काल एसटीनं मुरुमला, तिच्या माहेरी गेले. ती ओसरीवर बसली होती, मांडीवर धाकटी. "फारकत झाली?" मी विचारलं.

"कागद न्हाय, काय न्हाय. बाळंतपणाला आले ती हितंच. न्यायला कुणी आलं न्हाय."

साखरपुड्याचं मी सांगितलं. मी सोबत नेलेला तो बर्फीचा फोटो तिनं हातात घेतला, एकेका तोंडावरून बोट फिरवलं आणि मोठीच्या हातापाशी थांबली. "हिला त्या दिशी बर्फी मिळालीच न्हाय," म्हणाली. मग पदर खोचत, "तुमी जावा ताई. समद्यांची तोंडं नीट येऊ द्या. मला ते फोटो पोलिसात द्यायचेत."

दिवस उलटले की घरं आपापल्या आठवणी पाखडून घेतात. नको ते वाऱ्यावर सोडतात. त्या अंगणात आज नवा मांडव असेल, शेवंतीही ताजी असेल, आणि वाट्यांची गोष्ट विचारली तर कुणालाच आठवणार नाही. उरला आहे तो एका पोरीचा लांबलेला हात, माझ्या पिशवीत.

आज रविवार. भट्टीवर खोके बांधून ठेवलेत, त्या घरचा माणूस ते न्यायला आलाय. "यात बर्फी आहे का?" मी विचारलं.

"बर्फी कशाला?" तो हसला. "शुभकार्य हाय की!"

मी कॅमेऱ्याचं झाकण काढलं.