न जळणारी खोळ

बहिणीला बघायला पाहुणे यायचे होते, त्याच्या आदल्या दिवशी मी पुढच्या सोप्यातल्या बैठकीच्या गादीची खोळ नाटकाच्या पडद्याच्या औषधात बुडवून काढली.

तेव्हा मी एका थिएटरात कारकून होतो. पडदे पेटू नयेत म्हणून तिथं हे औषध यायचं. त्यात काय घातलंय ते विचारायची पद्धत नव्हती आणि डब्यावर छापायचीही नव्हती. ते लावणारा माणूस हातांना फडकी गुंडाळून, नाकाला रुमाल बांधून काम करायचा. मी समजत होतो, त्याला नखऱ्याची आवड. इकडं घरी वडिलांच्या विडीनं जुन्या खोळीची चाळण झालेली. आईनं पाहुण्यांसाठी नवी पांढरी खोळ शिवली, आणि मला वाटलं, आता विज्ञान घरात आणावं.

वाळल्यावर खोळ पापडासारखी कडक झाली. आई म्हणाली, "खळ लई झाली वाटतं." मी नुसता हसलो.

दुपारी कसबा बावड्याहून मुलगा, त्याची आई आणि मामा आले. उन्हातून आलेले, घामानं भिजलेले. गादीवर टेकले. थोड्या वेळानं मामांनी मांडी बदलली. मग मुलानं मान खाजवली. त्याच्या आईनं पदराआडून दंड. मला वाटलं, बोलायला विषय नाही म्हणून अवघडलेत. तेव्हा मी वडिलांच्या हातातली पेटती विडी घेतली आणि मामांच्या मांडीशेजारी गादीवर टेकवली.

"बघा पावणं, जळत न्हाय."

"गादी जळत न्हाय," मामा दोन्ही हातांनी पोटऱ्या खाजवत म्हणाले, "पन माझ्या बुडाला आग लागलीया, त्येचं काय?"

एवढ्यात बहीण पोह्यांचं ताट घेऊन आली. आधीच्या स्थळानं मुलगी फार बोलते म्हणून नकार कळवला होता. त्यामुळं मान खाली घालायची आणि विचारलं तेवढंच बोलायचं, असं आईनं तिला पढवून ठेवलेलं. तिनं पाहुण्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि ताट खाली ठेवलं.

"उठा सगळी गादीवरनं. मामा, न्हाणीत पाणी हाय, तुमी आधी जावा. दादा, ती गादी उचल आन् भायेर टाक. तोंड न उघडता."

आईनं कपाळाला हात लावला. हेही स्थळ गेलं, असं तिनं धरलंच.

पाहुणे एकेक करून अंग धुऊन आले. मामा आणि मुलगा वडिलांच्या धोतरांत, मुलाची आई आमच्या आईच्या लुगड्यात. तिघांनी गार फरशीवर बसून पोहे खाल्ले. मुलगा आईच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. तिनं मामांकडं बघून होकाराची मान हलवली.

मामांनी बशी खाली ठेवली. "पोरगी पसंत हाय. घरात असं दटावणारं माणूस पायजेच. देण्याघेण्याचं काय न्हाय. फकस्त लग्नात तुमच्या ह्या ल्योकानं मांडवातल्या कापडाला हात लावायचा न्हाय. त्येला गोठ्यात बसवा. आन् म्हशी तेवढ्या आधी भायेर काढा."