सुया मोजण्याची रीत

पोळ्यानंतरच्या मंगळवारी माझी बायको गेली.

कारंज्यात तिचा अ‍ॅक्युपंक्चरचा दवाखाना होता. गुडघे, कंबर, मान यांसाठी ती सुया लावी. मूल होत नाही म्हणून आलेल्या बायकांना मात्र परत पाठवी. “त्याचं शिक्षण वेगळं असते. ते घेतल्याबिगर मी हात लावणार नाही,” म्हणे. शेवटी तिनं त्या प्रमाणपत्राचा अभ्यास सुरू केला. प्रश्न मी विचारायचे आणि सरावाला अंगही माझंच. माझ्या पोटावर आखलेले बिंदू पाहून मेहुणी म्हणाली, “जिजाजी, तुमालेच दिवस गेले तं डोहाळजेवण आमच्याकडं!”

घोळ एकच होता. सुया काढताना ती मोजायला विसरे. एकदा मी तसाच बाजारात गेलो. भाजीवाली म्हणाली, “सरजी, टाळूवर अँटेना काहून लावला?” घरी आलो तर बायको हसता हसता खालीच बसली. मग तिनं ती सुई काढून ट्रेमध्ये ठेवली. परीक्षेत एक सुई जरी अंगात राहिली, तर नापास.

तिचे वडील धान्यबाजारात मापारी होते. दुसऱ्या दिवसापासून ती त्यांच्यासारखी मोठ्यानं मोजू लागली. मापारी पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात.

परीक्षा नागपूरला. सुया लावून घ्यायला आपलं माणूस आपणच न्यायचं होतं. बाकीच्यांनी बहिणी, जावा आणल्या होत्या. पुरुष मी एकटाच. ती सुया काढू लागली, “लाभ, दोन, तीन...”

“थांबा,” परीक्षक बाई म्हणाल्या. “एक नंबरची सुई कुठे आहे?”

“लाभ म्हणजेच एक, मॅडम. आमच्याकडं धान्य असंच मोजतात.”

“आणि हे काय, पोतं आहे?”

मी पोत्यासारखा निपचित पडून राहिलो. बाई हसल्या, पण ट्रेमधल्या सुया त्यांनी स्वतः मोजल्या. पुऱ्या भरल्या. मग विचारलं, “दिवस राहतील का, असं बाईनं विचारलं तर?”

“तसा शब्द देणार नाही. डॉक्टरांचा इलाज चालू ठेवा म्हणेन.”

संध्याकाळी निकाल लागला. परतीच्या एसटीत तिनं कंडक्टरलाही पेढा दिला.

“पोरगा झाला का पोरगी, ताई?”

“मी पास झाले, भाऊ!”

मग त्या बायका येऊ लागल्या. काहींना मुलं झाली, काहींना नाही; तिनं परत कुणालाच पाठवलं नाही.

आता दवाखाना बंद आहे. अजून एखादी बाई विचारत येते. मी तिला पाणी देतो आणि बायकोबरोबर शिकलेल्या बाईंचा अकोल्यातला पत्ता सांगतो.